पंखावर उतरलेला फिटर : नॉर्मन जॅक्सन आणि फ्लाइट इंजिनिअरचं काम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर घडवले. म्हणून विषय काय ठेवायचा असं आयोजकांनी विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या महायुद्धातल्या एका फिटरचं नाव सांगितलं. नॉर्मन सिरिल जॅक्सन. लंडनच्या ईलिंग भागात ८ एप्रिल १९१९ला जन्मलेला, शिक्षणानं फिटर-टर्नर, पुढे ब्रिटिश हवाई दलाच्या लँकेस्टर बॉम्बरवर फ्लाइट इंजिनिअर, आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. त्या युद्धात फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम करताना हे पदक मिळवणारा तो एकटाच.

हवाई युद्धाच्या गोष्टी आपण वाचतो त्या बहुतेक वैमानिकांच्या. कॉकपिटमध्ये डावीकडे बसलेला माणूस आपल्याला माहीत असतो. त्याच्या उजव्या हाताला, घडी घालता येईल अशा साध्या बैठकीवर, आणि बराच वेळ तर उभ्यानंच, आणखी एक माणूस असे. त्याच्यामुळे ते विमान घरी परत येत असे. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. जॅक्सनच्या त्या एका रात्रीची हकीकत सांगण्याआधी त्याचं रोजचं काम काय होतं हे सांगतो, कारण ते कळल्याशिवाय त्या रात्री त्यानं तसं का केलं हे कळत नाही.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश बॉम्बरमध्ये दोन वैमानिक बसत. मग चार इंजिनांची मोठी विमानं आली: स्टर्लिंग, हॅलिफॅक्स आणि १९४२च्या मार्चपासून मोहिमांवर जाऊ लागलेलं लँकेस्टर. एक विमान पडलं की दोन वैमानिक जात होते, आणि वैमानिक तयार करायला फार वेळ लागत होता. म्हणून १९४२ साली ठरलं की विमानात वैमानिक एकच असेल आणि दुसऱ्या जागेवर इंजिनांची जाण असलेला माणूस बसेल. हे लोक आले कुठून? सुरुवातीचे बरेचसे जमिनीवरच्या वर्कशॉपमधून आले. ज्यांनी इंजिनं उघडली होती, जोडली होती, ज्यांच्या नखांत ग्रीस होतं, त्यांना विचारलं गेलं: वर जाता का? वेल्समधल्या सेंट अ‍ॅथन इथल्या शाळेत त्यांचं प्रशिक्षण होई. अभ्यासक्रम पुरा झाला की सार्जंटचे पट्टे मिळत आणि छातीवर एका बाजूचा पंख, त्यात इंजिनिअरचं अक्षर.

लँकेस्टरमध्ये माणसं सात: कॅप्टन म्हणजे वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर आणि दोन तोफची, एक विमानाच्या पाठीवर आणि एक शेपटीत. इंजिनं चार, रोल्स-रॉइसची मर्लिन, प्रत्येकाला बारा सिलिंडर. पेट्रोलच्या टाक्या सहा, दोन्ही पंखांत तीन तीन. सगळ्या भरल्या की २,१५४ गॅलन, म्हणजे पावणेदहा हजार लिटरच्या वर. या सगळ्याचा कारभार इंजिनिअरकडे.

उड्डाणाच्या वेळी बॉम्ब आणि पेट्रोल यांनी ठासून भरलेलं विमान धावपट्टीवर डावीकडे ओढ घेई. वैमानिक थ्रॉटल पुढे सारी, डावीकडच्या इंजिनांना जरा आधी जोर देई, आणि शेपटी उचलली गेली की त्याला दोन्ही हात चाकावर हवे असत. त्या क्षणी इंजिनिअरचा डावा हात मागून थ्रॉटलवर येई. तो ते शेवटपर्यंत सारून घट्ट धरून ठेवी आणि वेगाचे आकडे मोठ्यानं सांगत राही. मग चाकं वर, फ्लॅप वर, इंजिनांचे फेरे कमी. त्यानंतर सहा, सात, आठ तास त्याचं लक्ष उजव्या भिंतीवरच्या तबकड्यांवर. तेलाचा दाब, तेलाचं तापमान, शीतकाचं तापमान, चारही इंजिनांचं वेगवेगळं. ठरावीक वेळानं हे सगळे आकडे तक्त्यात भरायचे, कुठल्या टाकीत किती पेट्रोल उरलं याचा हिशेब मांडायचा आणि वेळेवर टाकी बदलायची. पंखाच्या टोकाकडच्या तिसऱ्या टाकीतलं पेट्रोल थेट इंजिनाला जातच नसे, ते आधी मधल्या टाकीत उतरवावं लागे. हिशेब चुकला, कॉक उशिरा फिरवला, तर समुद्रावर इंजिन बंद. मोजणारी काच गोळी लागून फुटली, तर निव्वळ तक्त्यावरच्या आकडेमोडीवर घर गाठायचं.

आणि हे सगळं रात्री, मंद उजेडात, ऑक्सिजनचा मुखवटा लावून, खालून तोफा उडत असताना.

शौर्य म्हटलं की आपल्याला झेप आठवते. मला वाटतं, त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा नीट अक्षरात लिहिणं हेही शौर्यच होतं. शेजारचं विमान पेटून खाली जाताना दिसतंय आणि तुम्ही लिहिताय: उजवं आतलं इंजिन, तेलाचा दाब ठीक.

आता जॅक्सनकडे येतो. तान्हा असतानाच तो दत्तक गेला आणि त्या घरातच वाढला. १९३९ साली हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात तो इंजिन फिटर म्हणून भरती झाला. फिटर-टर्नरचं काम हे युद्धासाठी कारखान्यातही लागणारं काम होतं. मनात आणलं असतं तर तो कारखान्यात राहू शकला असता. १९४१च्या जानेवारीत त्याला पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला पाठवलं. तिथे ९५ नंबरच्या स्क्वाड्रनची संडरलंड विमानं होती, पाण्यावर उतरणारी, अटलांटिकवर पाणबुड्यांचा शोध घेत फिरणारी. दमट किनारा, खारा वारा, आणि त्यात चार चार इंजिनं चालू ठेवायची. कोकणात किंवा गोव्यात ज्यांनी यंत्रं सांभाळली आहेत त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. फ्लाइट इंजिनिअर हवेत अशी मागणी आली तेव्हा त्यानं अर्ज केला आणि १९४२च्या शरदात तो इंग्लंडला परतला.

१९४३च्या जुलैत तो १०६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. हे नामांकित स्क्वाड्रन. त्याच वर्षीच्या मार्चपर्यंत गाय गिब्सन त्याचा प्रमुख होता, धरणं फोडण्याच्या मोहिमेमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला. स्क्वाड्रन आधी सायरस्टनला होतं, नोव्हेंबरात ते लिंकनशायरमधल्या मेदरिंगमला गेलं. जॅक्सनचा कॅप्टन होता फ्लाइंग ऑफिसर फ्रेड मिफ्लिन, न्यूफाउंडलंडचा. शेपटीतला तोफची ह्यू जॉन्सन. ही दोन नावं लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे पुन्हा येणार आहे.

तीस मोहिमा झाल्या की एक फेरी पूर्ण, मग सहा महिने सुट्टी किंवा शिकवण्याचं काम, असा बॉम्बर कमांडचा रिवाज होता. त्या हिवाळ्यात तीस मोहिमा पुऱ्या करणारे थोडेच निघत. १९४३च्या नोव्हेंबरपासून १९४४च्या मार्चपर्यंत बर्लिनवरच्या हल्ल्यांत विमानांमागून विमानं गेली. जॅक्सन आणि त्याचे सोबती त्यातून टिकले. मध्ये केव्हातरी एक मोहीम त्यानं दुसऱ्या चमूबरोबर केली होती. त्यामुळे १९४४च्या एप्रिलच्या शेवटी त्याच्या तीस भरल्या आणि बाकीच्यांची एक राहिली. तो मोकळा होता. हवाई दलाला त्याच्याकडून आणखी काही मागायचा हक्क नव्हता. त्याच दिवसांत त्याला पहिला मुलगा झाल्याची बातमीही आली होती. तो आपणहून म्हणाला, यांची शेवटची मोहीम मी यांच्याबरोबरच करतो.

आपण सगळे एकत्र काम करणारी माणसं आहोत. शिफ्ट संपली आहे, कार्ड पंच झालं आहे, आणि जोडीदाराचं काम अडलं आहे म्हणून परत मशिनपाशी जाणारा माणूस आपण पाहिलेला असतो.

ती रात्र २६ एप्रिल १९४४ची. लक्ष्य श्वाइनफुर्ट, बव्हेरियातलं लहानसं शहर, जिथे जर्मनीच्या बॉल बेअरिंगचे मोठे कारखाने होते. कारखान्यात काम केलेल्यांना बॉल बेअरिंगचं महत्त्व समजावायला नको. बेअरिंग नाही तर रणगाडा नाही, विमानाचं इंजिन नाही, फिरणारं काहीच नाही. म्हणून दोस्तांनी या गावावर पुन्हा पुन्हा हल्ले केले. अमेरिकनांनी १४ ऑक्टोबर १९४३ला दिवसाढवळ्या २९१ विमानं पाठवली, त्यातली ६० परत आली नाहीत. आता ब्रिटिशांची पाळी. दोनशेहून अधिक लँकेस्टर निघाली. वाटेत अपेक्षेपेक्षा फार जोराचा वारा समोरून लागला, उशीर झाला, लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणाऱ्यांची जागा चुकली, आणि जर्मन लढाऊ विमानं जाता-येता तुटून पडली. २१ लँकेस्टर त्या रात्री गेली. मोहीम म्हणून ती फसली.

मिफ्लिनच्या विमानानं बॉम्ब टाकले आणि ते उंची घेत तिथून बाहेर पडत होतं. सुमारे वीस हजार फुटांवर एका लढाऊ विमानानं त्याला गाठलं. मिफ्लिननं लगेच विमान वळवलं, पण गोळे लागायचे ते लागले. जॅक्सन फरशीवर फेकला गेला. उजव्या पायात आणि खांद्यात तुकडे घुसले. उठून पाहिलं तर उजव्या पंखाच्या वरच्या बाजूला आग लागली होती, विमानाचं धड आणि आतलं इंजिन यांच्या मधल्या जागेत.

इथे जरा थांबू या. त्या जागी काय होतं? पंखातली सर्वांत मोठी टाकी, भरलेली असताना ५८० गॅलनची. जाताना त्यातलं बरंच पेट्रोल जळलेलं, पण उरलेलं पेट्रोल आणि वर साठलेली वाफ काही कमी धोक्याची नव्हती. इंजिनात आग लागली तर कॉकपिटमध्ये बटण होतं. ते दाबलं की इंजिनाच्या घरात बसवलेली विझवणी सुटायची. पंखाच्या पाठीवर लागलेल्या आगीसाठी कुठलंच बटण नव्हतं. हे विमानात सर्वांत चांगलं कोणाला माहीत होतं? ज्यानं त्या पेट्रोलचा हिशेब रात्रभर मांडला होता त्याला. कॅप्टनच्या हातात विमान होतं, नेव्हिगेटरकडे नकाशा, तोफचींकडे आकाश. ती टाकी जॅक्सनची होती. तो त्या चमूत सर्वांत अनुभवी होता आणि बाकीचे त्याच्याकडेच बघणार हे त्याला ठाऊक होतं. नंतरच्या आयुष्यात त्यानं याविषयी बोलताना एवढंच म्हटलं की सोबत्यांना अडचणीतून काढणं हे इंजिनिअर म्हणून माझं काम होतं.

त्यानं कॅप्टनला सांगितलं, बाहेर जाऊन बघतो. कॅप्टननं परवानगी दिली.

हातात धरायचा अग्निशामक त्यानं छातीवरच्या जीवरक्षक जाकिटात खोचला. पॅराशूटचा गठ्ठा अंगाला अडकवला. वैमानिकाच्या डोक्यावरची सुटकेची झडप उडवून दिली आणि वर चढायला लागला. विमानाचा वेग ताशी दोनशे मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. मोटारसायकलवर ऐंशीच्या वेगानं जाताना छातीवर वारा कसा आदळतो ते आठवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चौपट वेग म्हणजे सोळापट जोर. त्या उंचीवर हवा विरळ असते म्हणून निम्मी सूट द्या, तरी आठपट. तिथलं तापमान सर्वसाधारणपणे उणे पंचवीसच्या आसपास. पायातून आणि खांद्यातून रक्त जात होतं.

तो अर्धा बाहेर पडतो न पडतो तोच पॅराशूटचा गठ्ठा उघडला. सगळं कापड आणि सगळ्या दोऱ्या कॉकपिटमध्ये सांडल्या. अशा वेळी कोणीही परत खाली आला असता आणि त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. जॅक्सन पुढे सरकत राहिला. मग कॉकपिटमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली, आणि मला या सगळ्या हकीकतीत तीच सर्वांत जास्त भावते. मिफ्लिन, बॉम्ब टाकणारा आणि नेव्हिगेटर या तिघांनी मिळून ते पॅराशूट गोळा केलं, दोऱ्या हातात धरल्या, आणि तो पुढे जाईल तशा त्या हळूहळू सोडत राहिले. पेटलेल्या विमानात बसून त्यांनी बाहेरच्या माणसाची दोरी धरली. त्यातला एक विमानही चालवत होता.

जॅक्सन धडावरून घसरला आणि पंखावर पडला. पंखाच्या पुढच्या कडेला हवा आत घेणारं एक तोंड असतं. त्याची कड त्याच्या हाताला लागली आणि ती त्यानं धरली. अग्निशामक मात्र निसटला आणि वाऱ्यानं नेला. आग पसरली होती. चेहरा, हात, कपडे भाजत होते. पकड सुटली, तो ज्वाळांमधून ओढला जाऊन पंखाच्या मागच्या कडेवरून खाली फेकला गेला, आणि त्याच्यामागून पॅराशूट. ते पूर्ण उघडलं नव्हतं आणि ठिकठिकाणी जळत होतं.

आता विमान वाचणार नाही हे दिसत होतं. मिफ्लिननं सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. चौघं सुखरूप उतरले. मिफ्लिन आणि शेपटीतला जॉन्सन मेले.

जॅक्सन फार वेगानं जमिनीवर आदळला. घोटा मोडला. उजवा डोळा भाजून मिटला होता. हात निकामी झाले होते. उजाडल्यावर तो सरपटत सरपटत जवळच्या गावात पोचला आणि युद्धकैदी झाला. दहा महिने रुग्णालयात गेले. नंतर कैद्यांच्या छावणीतून त्यानं दोनदा पळून जायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा जमलं आणि तो अमेरिकन सैन्यापर्यंत पोचला.

त्या रात्री काय झालं हे त्यानं स्वतः वर कळवलं नव्हतं. युद्ध संपल्यावर त्याचे वाचलेले सोबती छावण्यांतून सुटून आले, त्यांनी सांगितलं, तेव्हा जगाला कळलं. २६ ऑक्टोबर १९४५ला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या अधिकृत मजकुरात एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली आहे. आग विझवण्यात तो यशस्वी झाला असता तरी पंखावरून परत कॉकपिटमध्ये येणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणजे बाहेर पडताना त्याच्या हिशेबात स्वतःचं परत येणं धरलेलंच नव्हतं.

१३ नोव्हेंबर १९४५ला बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या हस्ते पदक मिळालं. त्याच दिवशी ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळायचा होता. चेशर हुद्द्यानं कितीतरी मोठे, शंभर मोहिमा केलेले. त्यांनी राजाला विनंती केली की या माणसाचं पदक आधी द्या, यानं माझ्यापेक्षा जास्त धोका पत्करला. शिष्टाचारात ते बसलं नाही. पण एका मोठ्या अधिकाऱ्यानं राजासमोर एका इंजिनिअरला पुढे केलं, हे मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढचं आयुष्य साधं. त्याचे हात पूर्ण बरे कधीच झाले नाहीत. फिटरचे हात, ज्यांत त्याची सगळी विद्या होती, ते पुन्हा पूर्वीसारखे चालले नाहीत. त्यानं व्हिस्कीच्या एका कंपनीचा फिरता विक्रेता म्हणून नोकरी केली, सात मुलं वाढवली, आणि २६ मार्च १९९४ला तो वारला. लंडनजवळ ट्विकनहॅमच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. २००४ साली त्याचं पदक लिलावात २,३५,२५० पौंडांना गेलं.

मित्रहो, बॉम्बर कमांडवर बोलताना दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अप्रामाणिक होईल. १९४२च्या फेब्रुवारीत निघालेल्या आदेशानंतर या दलाचं मुख्य काम जर्मन शहरांवर, कामगारवस्त्यांवर बॉम्ब टाकणं हे होतं. १९४३च्या जुलैत हॅम्बुर्गमध्ये एका आठवड्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांत बायका, म्हातारे, मुलं होती. या हल्ल्यांचं समर्थन करणारे आहेत आणि त्यांना गुन्हा म्हणणारेही आहेत. वस्त्यांना लक्ष्य करणं मला चूक वाटतं, ते मी इथे स्पष्ट सांगतो. त्याचबरोबर हेही खरं, की ते धोरण वीस-बावीस वर्षांच्या सार्जंटांनी ठरवलेलं नव्हतं, आणि समोर नाझी राजवट होती. सुमारे सव्वा लाख तरुण या दलातून उडाले आणि त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. ज्या पुढाऱ्यांनी हल्ले ठरवले त्यांनीच युद्ध संपल्यावर या मुलांकडे पाठ फिरवली. त्यांना स्वतंत्र मोहीमपदक कधीच मिळालं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक उभं राहायला २०१२ साल उजाडलं, आणि पदकाच्या फितीवर लावायची एक पट्टी २०१३ साली मिळाली. तोवर बहुतेक जण गेले होते. धोरणाचा जाब ज्यानं त्यानं ज्याच्या त्याच्याकडे मागावा. मेलेल्या मुलांची आठवण ठेवायला त्यामुळे अडचण येऊ नये.

आता मिफ्लिन आणि जॉन्सन. त्या काळी ब्रिटिश नियमाप्रमाणे शत्रूसमोरच्या शौर्यासाठी मेलेल्या माणसाला दोनच सन्मान देता येत: एकतर व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर युद्ध-अहवालात नावाचा उल्लेख. मधलं काही नाही. विमान सांभाळता सांभाळता सोबत्याच्या दोऱ्या धरणारा मिफ्लिन या नियमात कुठे बसणार? जॅक्सनचं नाव घेताना मिफ्लिनचं आणि जॉन्सनचं घेतलं नाही तर हकीकत अर्धवट राहते. शूर माणसाच्या पाठीमागे दोरी धरणारे असतात आणि इतिहासाला ते दिसत नाहीत.

या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. १९४४च्याच जुलैत इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नामदेव जाधव यांनी. रायगडातल्या माणगावला घाडगे यांचा पुतळा आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बॉम्बर कमांडमध्येही भारतीय होते. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर या नेव्हिगेटरनं लँकेस्टरमधून मोहिमा केल्या आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवला. मराठीत त्यांच्याविषयी एखादं नीट चरित्र असायला हवं.

आणखी जवळचा संबंध पुण्याचा आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरला भंगारात पडली होती. ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. १९४८ साली हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली निवडून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून, ती उडण्याजोगी केली, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं जड बॉम्बर स्क्वाड्रन उभं राहिलं. पुढे १९५१पासून ६ नंबरचं स्क्वाड्रन पुण्याला लोहगावहून ही विमानं समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरत होतं, थेट १९६८पर्यंत. जगात इतरत्र ही विमानं केव्हाच मोडीत निघाली होती. आपल्या तंत्रज्ञांनी ती चालू ठेवली. त्यातलंच एक विमान १९७४ साली इंग्लंडला गेलं आणि आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्या विमानांवर फ्लाइट इंजिनिअर होते, जमिनीवर फिटर होते. तबकड्या वाचणारे, सुटे भाग मिळत नसताना ते घडवणारे. त्यांतली कितीतरी माणसं निवृत्तीनंतर याच भागात राहिली असणार.

म्हणून शेवटी एक विनंती करतो. आपल्या घरात, नात्यात, सोसायटीत लोहगावच्या त्या विमानांवर किंवा हवाई दलाच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये काम केलेलं कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला. जुनी लॉगबुकं, फोटो, ओळखपत्रं रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांचं काम नेमकं काय होतं, कुठलं इंजिन, कुठला बिघाड, कसा दुरुस्त केला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि नावानिशी या व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक करायचं कार्यकर्त्यांनी ठरवलं आहे. वेळ थोडा आहे, कारण त्या पिढीतले थोडेच लोक आता उरले आहेत.